एकाच बिंदगीची आंबील

माझ्या भाषणात ते वाक्य नव्हतंच. शेषेराव सरांनी तपासून दिलेली तीन पानं अजून माझ्या दप्तरात आहेत, कुणीही बघावीत. ते वाक्य स्टेजवर माझ्या तोंडातून आपोआप निघालं, आणि पुढं जे काही झालं ते सगळं त्याच्यामुळं.

नांदेडला वक्तृत्व स्पर्धा होती. विषय होता, ‘माझ्या घरात मला बदलायचं आहे ते’. बाकीच्या मुली मोबाइलवर बोलल्या, हुंड्यावर बोलल्या. मी आमच्या म्हशीवर बोलले. मैना तिचं नाव. मी सात वर्षांची होते तेव्हापासून माझं एक काम ठरलेलं आहे. आई धार काढायला बसली की मी रेडकू सोडायचं. त्यानं कासेला चार ढुशा दिल्या, मैनेनं पान्हा सोडला, की लगेच गळ्यातलं दावं धरून त्याला मागं ओढायचं आणि धार संपेपर्यंत धरून ठेवायचं. ते चारी पाय रोवतं. तोंडाला नुसता फेस लागलेला असतो. आणि मैना मान वळवून माझ्याकडं बघते.

एवढं सांगितलं आणि हॉल एकदम गप्प झाला. तुम्हाला सांगते, आठवीपर्यंत वर्गात हजेरी द्यायलासुद्धा माझा आवाज फुटत नव्हता. आता तीनशे माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मला वाटलं माझे पाय जमिनीवर नाहीतच. त्या भरात मी हातातलं पान सोडून दिलं, हात वर केला आणि म्हणाले, “आजपासून दुधाचा थेंब माझ्या ओठाला लागणार नाही! दही नाही, ताक नाही, तूप नाही. ज्याचं आहे त्यानं प्यावं!”

टाळ्या काय पडल्या म्हणता! पहिला नंबर.

अर्ध्या तासानं बसस्टँडवर सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. “राजकन्या, घे. आधी तू.”

पेढा माझ्या नाकाखाली. वेलदोड्याचा वास. मागं कटिंग चहाचे ग्लास. माझी मैत्रीण पुनम माझ्याकडं बघतेय, आता ही काय करते म्हणून.

“सर, मी तर आत्ताच...”

“अगं, ते भाषण होतं,” सर हसले. “भाषण वेगळं, पेढा वेगळा.”

सर माझे लाडके आहेत, पण ते वाक्य मला असं लागलं ना! म्हणजे त्या तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या त्या कशाला? मी पेढा पुनमच्या हातात दिला. तिनं स्वतःचा आणि माझा, दोन्ही खाल्ले, अगदी हळूहळू, माझ्यासमोर. लातूरपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तिथून औशाची बस धरताना ठरवून टाकलं, की हे भाषण नव्हतं.

घरी ट्रॉफी बघून आईनं माझी दृष्ट काढली आणि वाटीभर साय साखर घालून पुढं ठेवली. साय म्हणजे माझा जीव. मी सगळं सांगितलं. आईनं वाटी माझ्याकडं अजून सरकवली.

“मटण सोडलं म्हणली असतीस तर समजलं असतं. दूध कुणी सोडतं का माय? तेबी धाव्वीच्या वर्षी?”

“सोडलं.”

“मग रेडकू कोण धरणार?” आईनं विचारलं.

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. आईचा उजवा खांदा दुखतो. एका हातानं रेडकू आवरून धार काढणं तिला जमत नाही. आणि मैनेचं दूध डेअरीला जातं, त्यावर घर चालतं. मी म्हणाले, “धरीन.” म्हणजे दूध सुटलं, पण दावं माझ्याच हातात राहिलं. हे मी स्पर्धेत सांगितलेलं नव्हतं. हे कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं.

पहिला आठवडा लई वाईट गेला. डोकं दुखायचं, आणि ते चहासाठी दुखतंय हे मला माहीत होतं. काळा चहा पहिल्या दिवशी औषधासारखा लागला, पाचव्या दिवशी चहासारखा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याची ओली भाजी, वरण हे सगळं माझंच होतं, पण वरणावर तुपाची धार नसली की ते वरण पोरकं दिसतं. शेषेराव सरांनी एक दिवस मला थांबवून विचारलं, “खरंच सोडलंस?” मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी औशाच्या मेडिकलमधून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. “शब्द पाळायचा तर नीट पाळ. ही विसरायची नाही.”

मग माझ्या डोक्यात आलं सोयाबीन! आमच्या भागात नजर जाईल तिथं सोयाबीन. पोत्यांवर पोती आडतीला जातात, घरात मात्र त्याचा एक दाणा कुणी खात नाही. मी दोन ओंजळी भिजत घातल्या, मिक्सरमधून काढल्या, जुन्या ओढणीतून गाळल्या. पांढरंशुभ्र दूध! मी नाचलेच. त्याचा चहा केला तर तो फाटून त्याचे तुकडे वर आले. तरी मी गाळून बापूंना दिला. आमचे बापू, म्हणजे माझे वडील व्यंकटी पाटील, कुणाचं मन मोडत नाहीत. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, शेवटी गिळला.

“राजी,” ते म्हणाले, “हे प्यायचं हाय का फवारायचं?”

आणि दहाव्या दिवशी मी चुकले. आईनं दुधाचं पातेलं घासायला दिलं. कडेला साय चिकटलेली. लहानपणापासूनच्या सवयीनं बोट फिरलं, बोट तोंडात गेलं. गिळल्यावर कळलं. मी तिथंच मोरीत बसून रडले. दुसऱ्या दिवशी पुनमला सांगितलं.

“मग संपलं की तुझं,” ती म्हणाली. “बरं झालं. चल, डब्यात दही-धपाटं हाय.”

“न्हाई संपलं.”

“अगं, मोडलं ना पण?”

“मोडलं. आजपासून परत एक.”

पुनमनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मला ताप आलाय. पण डब्यातलं दही तिनं झाकणाखाली लपवलं, हेही मी बघितलं.

इथपर्यंत सगळं माझं माझ्यापाशी होतं. खरी परीक्षा पुढंच होती, कारण येळवस जवळ आली.

आमच्या लातूरकडं वेळ अमावस्येला येळवस म्हणतात. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत लक्ष्मी मांडायची, पुजायची आणि मग दिवसभर जेवायचं. ढीगभर शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गुळाची खीर. मी बोटं मोजून बघितलं, तर जवळजवळ सगळं ताट मला चालणारं होतं. अडचण एकाच गोष्टीची, आणि तीच सगळ्यांत मोठी. आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताक घालून आंबवलेली. ती बिंदगीत भरायची. बिंदगी म्हणजे चुन्या-कावेचे पांढरे-तांबडे पट्टे ओढलेली मातीची घागर. ती बापू डोक्यावर घेऊन शेतात जातात, आधी पिकावर शिंपडतात, मग घरचे-दारचे सगळे पितात. येळवशीला आंबील नाकारणारं माणूस मी तरी बघितलेलं नाही.

पाच दिवस आधी उदगीरहून गुणा आत्या आली. आजी गेल्यापासून येळवशीचा सगळा कारभार आत्याच्या हातात. ती दारात चप्पल काढायच्या आधीच तिला माझी बातमी कळलेली होती.

“यव्वा!” आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. “व्यंकटी, पोरगी नांदेडला बोलायला गेल्ती का दीक्षा घ्यायला?”

“आक्का, आधी पाणी घ्या,” आई म्हणाली.

“पाणीच घेते बाई. तुमच्या घरात आता दूध मागायची चोरी.”

रात्रीच्या जेवणाला मी सरळ सांगून टाकलं, “आत्या, तुमची आंबील तुम्ही करा. मी माझ्यापुरती बिनताकाची करते. लहान बिंदगी वेगळी नेते.”

मला वाटलं होतं किती शहाणा तोडगा काढला! पण बापूंनी हातातला घास ताटात ठेवला.

“गेल्या साली दगडोबाच्या शेतात काय दिसलं तुला?” बापूंनी विचारलं.

मला आठवलं. दगडोबा तात्यांचं शेत आमच्या बांधाला लागून आहे. गेल्या येळवशीला त्यांच्या शेतात दोन बिंदग्या दिसल्या, आणि त्यावरून गावाला कळलं की भाऊ वेगळे झाले. कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. एका शेतात दोन बिंदग्या म्हणजे दोन चुली.

“तीन पिढ्या झाल्या, ह्या घरातून एकच बिंदगी निघती,” बापू म्हणाले. आवाज चढवला नाही. बापू आवाज चढवत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

“मग मी काय करू?”

“देवीची आंबील घोटभर घे. वर्षातून एकदा. कोण बघून राहिलंय?”

मी बघत होते ना! पण हे बापूंना कसं सांगायचं? एकीकडं माझा शब्द, दुसरीकडं बापूंची तीन पिढ्यांची बिंदगी. मी भाकरीचा तुकडा नुसता चिवडत बसले. तेवढ्यात आई, जी अशा वेळी कधी मधे पडत नाही, ताट उचलता उचलता म्हणाली, “आक्का, तुमी पीठ आदल्या रातीच भिजवता. ताक तर दुसऱ्या दिशी पडतं. मग रातभर ते पीठ कशानं आंबतं?”

आत्या म्हणाली, “आपल्याआप आंबतं. जोंधळाच हाय तो.”

मी ताडकन उठले. “मग ताक कशाला?”

“कशाला म्हंजे? चवीला! झटकन आंबट व्हायला!”

“मी झटकन नाही करणार. मी दोन-तीन दिवस ठेवते. आत्या, एकच बिंदगी, माझ्या हातची, बिनताकाची. ज्याला ताक पाहिजे त्यानं शेतात वाटीत वरून घ्यावं.”

आत्यानं हात धुतले. मग तिनं पदर खोचला. आत्यानं पदर खोचला की समजायचं, आता सौदा.

“ऐक. येळवशीच्या आदल्या दुपारी मी चाखणार. माझ्या जिभेला आंबट लागलं तर तुझं पीठ बिंदगीत. न्हाई लागलं, तर मी त्यात तांब्याभर ताक ओतणार, अन् तू सगळ्यांसंगं निमूट प्यायचीस. बोल.”

“हाव,” मी म्हणाले. माझ्या तोंडाची ही दुसरी वेळ.

त्याच रात्री पीठ कालवलं, मडक्यात घातलं, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. पुस्तक उघडलं की मन त्या मडक्याकडं. सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून वास घेत होते. दोन दिवस झाले, काही नाही. थंडी अशी पडलेली की खोबरेल बाटलीत दगड झालेलं. तिसऱ्या सकाळी चाखून बघितलं तर भिंतीला कागद चिकटवायची खळ! आत्या मागंच उभी होती.

“सांगते मी तुझ्या आईला, ताक जरा जास्तच कर,” ती म्हणाली आणि गाणं गुणगुणत निघून गेली. गाणं!

मला रडू येत होतं, पण धारेची वेळ झालेली. मी गोठ्यात गेले. आत पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. रोजच धरते. रोज मी ओढणीनं चष्मा पुसते आणि दावं हातात घेते. त्या दिवशी चष्मा न पुसता तशीच उभी राहिले. बाहेर हुडहुडी भरलेली, आणि इथं, मैनेच्या अंगाशी, उन्हाळा!

“अगं, रेडकू सोड की,” आई ओरडली.

धार झाल्या झाल्या मी नवं पीठ कालवलं, कोमट पाण्यात. मडकं पोत्यात गुंडाळलं, वरून बापूंचं जुनं स्वेटर चढवलं आणि मैनेच्या दावणीपलीकडं, भुसकटाच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलं. मैनेनं मान लांब करून ते हुंगलं, एक फुर्र केलं आणि तिथंच टेकून बसली. म्हणजे बघा, जिचं दूध मी सोडलं, तिच्याच उबेला मी माझा शब्द ठेवला. मला जरा लाजही वाटली. पण मी तिला म्हणाले, “मैने, एवढं कर.”

दुसऱ्या सकाळी गेले तर मडक्याभोवती स्वेटरवरून आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं, घट्ट, नीट गाठ मारून. मी आईकडं बघितलं. आई शेण भरत होती. तिनं वर बघितलं नाही.

येळवशीच्या आदल्या दुपारी सगळे ओसरीवर जमले. मी मडकं आणून ठेवलं. झाकण काढलं तर वर बारीक बुडबुडे.

आत्यानं बोट बुडवलं. चाटलं. एक डोळा मिटला. जीभ टाळूला लावून टक्‌ केलं. परत बोट बुडवलं.

“पीठ नव्या जोंधळ्याचं का जुन्या?”

“जुन्या,” मी म्हणाले.

“हं.”

“आत्या, सांग ना!”

“मीठ घालू नकोस आताच,” आत्या म्हणाली. “पहाटं शिजवताना घाल. लसूण-मिरची मी वाटते, तुझ्या हाताला अंदाज न्हाई.” मग ती उठली, चुन्याची वाटी घेतली आणि रिकाम्या बिंदगीवर पट्टे ओढायला बसली. बापूंनी मिशीवरून हात फिरवला. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. आनंदानं!

येळवशीच्या सकाळी बापू बिंदगी डोक्यावर घेऊन पुढं आणि आम्ही सगळ्या टोपल्या घेऊन मागं. आत्याच्या हातात ताकाची कळशी होतीच, ती काही हरलेली नव्हती. कोप सजली, पूजा झाली. बापूंनी माझी आंबील तांब्यात घेतली आणि ‘ओलगे, ओलगे’ असा येळवशीचा पुकारा करत ज्वारीवर, हरभऱ्यावर शिंपडत शेताला वळसा घातला. मी त्यांच्या मागून चालले. ज्वारीच्या ताटांच्या पानांवर पांढरे थेंब बसत होते. कुठल्याच पिकानं तक्रार केली नाही.

जेवायला दगडोबा तात्या बांध ओलांडून आले. त्यांनी वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही.

“गुणाबाई, औंदा आंबील काय झालीय! लई झ्याक. ताक कोणत्या म्हशीचं?”

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग कळशीकडं.

“ताक न्हाई त्यात, तात्या. पोरीनं केलीय. मैनेनं औंदा नुसती ऊब दिली.”

“असं कसं?”

“असंच,” आत्या म्हणाली. “प्या मुकाट्यानं.” आणि तिनं स्वतःच्या वाटीत कळशीतलं ताक ओतून घेतलं, भरपूर.

मग मी प्याले. आंबट, लसणीचा ठसका, नाकात ज्वारीचा वास. दरवर्षीपेक्षा जरा पातळ होती, खोटं कशाला बोलू. मी तीन वाट्या प्याले. बापूंनी एक वाटी ताक घालून घेतली, एक तशीच. दुसरीच्या तळाशी उरलेलं त्यांनी बोटानं पुसून घेतलं.

संध्याकाळी घरी आलो. आई चरवी घेऊन गोठ्यात बसली. मी रेडकू सोडलं. त्यानं ढुशा दिल्या, मैनेनं पान्हा सोडला. मी सवयीनं दावं आवळलं.

“थांब जरा,” आई म्हणाली.

मी थांबले.

“आज घरात दूध कुणाला लागणार न्हाई, पोटं भरलीत समद्यांची. डेअरीपुरतं निघालं की बास. तुला वाटंल तवा ओढ.”

आई गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली. रेडकाची शेपटी नुसती भिरभिरत होती. मैनेनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. दावं माझ्या हातात होतं, सैल. मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. वीस झाले, तीस झाले. मी पुढं मोजत राहिले.